डोकी मोजून शिक्षक ठरवू नका

शाळा भरतात, प्रवेश आटोपतात, पट निश्चित होतो आणि बेळगाव परिसरातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलांत यंदा कोणते शिक्षक अतिरिक्त ठरणार याची चर्चा सुरू होते. टिळकवाडीत बालिका आदर्श विद्यालय, ठळकवाडी हायस्कूल ही नावे घरोघरी माहीत आहेत. आज याच परिसरात सकाळी इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या बसगाड्या जास्त दिसतात आणि मराठी वर्गांचा पट पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे कुणी नाकारत नाही. या घसरणीवर भाषेच्या आणि अस्मितेच्या अंगाने आपण भरपूर बोललो आहोत. पट कमी झाला की शिक्षक कमी होतात आणि त्याचा पहिला फटका विशेष गरजा असलेल्या मुलांना बसतो, याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. हायस्कुलातली शिक्षकसंख्या शेवटी केवळ पटावर टांगून ठेवणे ही हिशेबाची चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. ती दुरुस्त करायला लागणारे कायदे आणि निकाल आपल्याकडे आधीच आहेत.

आधी इथली रचना पाहू. कर्नाटकात प्राथमिक शाळा सातवीपर्यंत आणि हायस्कूल आठवी ते दहावी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सरकारी मराठी प्राथमिक शाळा गावोगाव आहेत. आठवीपासून मात्र मराठी मुलांचा भार मुख्यतः खासगी संस्थांच्या अनुदानित हायस्कुलांवर आहे. घटनेतही असाच उतार आहे. अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय करायला सांगतो, पण ती प्राथमिक स्तरापुरती. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंत. नववीत पाऊल टाकले की मुलाच्या पाठीशी असलेला कायद्याचा हात सैल होतो. अभ्यास अवघड होण्याची आणि परीक्षेचे दडपण वाढण्याची वेळही नेमकी हीच. अनुदानित शाळांत तर आणखी एक अडचण आहे. निवृत्ती, मृत्यू किंवा राजीनामा यांमुळे रिकाम्या झालेल्या जागा भरायला सरकारची परवानगी लागते, आणि ३१ डिसेंबर २०१५पर्यंत रिकाम्या झालेल्या जागांच्या पुढे ही परवानगी कित्येक वर्षे सरकलीच नाही. गणिताचे मास्तर २०१७ साली निवृत्त झाले असतील, तर त्यांच्या जागी संस्थेने स्वतःच्या पैशातून तुटपुंज्या मानधनावर कुणाला तरी उभे करायचे, नाहीतर विज्ञानाच्या बाईंनी गणितही शिकवायचे.

आता पटाचा हिशेब. आठवी, नववी, दहावीचा एकेक वर्ग आणि प्रत्येक वर्गात २५ मुले असे एक लहान हायस्कूल धरा. एकूण ७५ मुले. माध्यमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सर्वमान्य आहे. त्या हिशेबाने इथे अडीच, फार तर तीन शिक्षक पुरेत. पण दहावीला सहा विषय आहेत: तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान. वर्गाच्या आठवड्याला ४० तासिका धरल्या तर तीन वर्गांच्या १२० होतात. एका शिक्षकाने २४ तासिका घेतल्या तरी पाच माणसे लागतात. मुले ७५ असोत की १२०, या १२० तासिकांत एकही कमी होत नाही. कागदावर हायस्कुलात विषयवार पदे असतात, हे खरे. पण पट किमान मर्यादेखाली गेला की तुकडी धोक्यात येते, तुकडी गेली की पदे जातात. विषयांची गरज आणि मुलांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिक्षणहक्क कायद्याने मान्य केले आहे. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी आधी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितला आहे, आणि पस्तीस मुलांमागे एक हे प्रमाण त्यानंतर येते. आठवीला जे तत्त्व लागू, ते दहावीला का नाही, याचे शिक्षणाच्या दृष्टीने पटणारे उत्तर नाही.

विशेष गरजा असलेल्या मुलाचे काय होते, ते या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. पटावर ते मूल एक असते, इतर कुठल्याही मुलासारखे. ऐकू कमी येणाऱ्या मुलीला शिक्षकाने तोंड वर्गाकडे ठेवून बोलावे लागते, फळ्यावर जास्त लिहावे लागते, तास संपल्यावर पाच मिनिटे तिच्यापाशी थांबावे लागते. मंदगतीने शिकणाऱ्या मुलासाठी सोपी कार्यपत्रिका तयार करावी लागते. अल्पदृष्टी असलेल्याला मोठ्या टायपातला मजकूर लागतो. ही कामे अवघड नाहीत, पण त्यांना वेळ लागतो, आणि तीन शिक्षकांत पाच शिक्षकांचे काम चाललेल्या शाळेत सगळ्यात आधी तोच संपतो. पाठ्यक्रम पुरा करणे टाळता येत नाही, दहावीचा निकाल टाळता येत नाही, जनगणनेची आणि निवडणुकीची कामे टाळता येत नाहीत. टाळता येते ते एका मुलापाशी थांबणे. शिक्षक निष्ठुर असतो म्हणून हे घडत नाही. व्यवस्थेने त्याच्या दिवसात या कामासाठी जागाच ठेवलेली नसते.

सीमाभागात या प्रश्नाला भाषेची आणखी एक घडी पडते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणी, त्यात आल्या. मराठी माध्यमाच्या बेळगावकर मुलाला देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. २०१५च्या कायद्यानंतर कर्नाटकातल्या सर्व शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली आहे, आणि या राज्यात राहायचे तर ती आलीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण ज्या मुलाला एका लिपीतली अक्षरे ओळखताना धाप लागते, त्याच्यासमोर तीन वर्णमाला ठेवल्या तर त्याला मदतही त्याच प्रमाणात द्यावी लागेल. उलट अंध मुलाची स्थिती पाहा. भारती ब्रेलमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांच्या बहुतेक वर्णांना ठिपक्यांची तीच मांडणी आहे, त्यामुळे लिपीचा हा अडथळा त्याच्या वाट्याला बराच कमी येतो. त्याला अडवते ते ब्रेल शिकवणाऱ्याचे आणि पुस्तकांचे नसणे. म्हणजे ‘दिव्यांग विद्यार्थी’ अशा एकाच रकान्यात टाकलेल्या मुलांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत. त्या ओळखण्याची साधनेही आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी व इंग्रजीबरोबर मराठी आणि कन्नडमध्येही उपलब्ध आहे. ती पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे, म्हणून तर ती प्राथमिक शाळेतच व्हायला हवी, म्हणजे मूल आठवीत येताना त्याच्याबरोबर निदान कागद तरी येईल. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचे ‘प्रशस्त’ हे प्राथमिक तपासणीचे ॲप शिक्षकांच्या मोबाइलवर चालते. वानवा आहे ती ही साधने वापरणाऱ्या माणसांची.

कर्नाटकात ही माणसे तालुका पातळीवरच्या संसाधन केंद्रात, बीआरसीत, बसतात. समावेशित शिक्षणाचे हे शिक्षक गटातल्या शाळांना भेटी देतात, घरी राहणाऱ्या मुलांना घरी जाऊन शिकवतात, शिबिरे घेतात, साहित्य वाटतात. एका गटात पहिलीपासून दहावीपर्यंतच्या सगळ्या माध्यमांच्या शाळा आणि त्यांच्यासाठी मोजके लोक. खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटी या घाटमाथ्यावरच्या गावांपर्यंत एसटी दिवसातून किती वेळा जाते, हे तिथल्या लोकांना विचारावे. अशा गटातल्या एखाद्या हायस्कुलाला वर्षातून किती वेळा भेट होत असेल, याचा अंदाज बांधायला आकडेवारीची गरज नाही. भेट झालीच, तर येणाऱ्याला मराठी येत असेल याची खात्री नाही. बहिऱ्या, मतिमंद किंवा स्वमग्न मुलाशी बोलायचे तर त्याच्या घरात जी भाषा आहे तीच लागते. इथे दुसऱ्या भाषेतून काम भागत नाही.

यातून एक चक्र तयार होते. मुलाची नोंद व्हायची तर कुणीतरी त्याची अडचण ओळखली पाहिजे, पालकांना समजावले पाहिजे, जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळवून दिले पाहिजे. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. कोल्हापूर त्याच्या जवळजवळ निम्म्यावर, पण ते दुसऱ्या राज्यात. विड्या वळणाऱ्या किंवा तंबाखूच्या वखारीत रोजंदारीवर जाणाऱ्या आईला दोन-तीन हेलपाटे म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी. शिवाय ‘पोरीच्या लग्नात अडचण येईल’ म्हणून नोंदच नको म्हणणारी घरे कमी नाहीत. मग शाळांची माहिती नोंदवणाऱ्या सरकारी यू-डायस प्रणालीच्या रकान्यात एक किंवा शून्य आकडा पडतो आणि तो पाहून खाते म्हणते की इथे विशेष शिक्षकाची गरज दिसत नाही. शिक्षक नाही म्हणून नोंद नाही आणि नोंद नाही म्हणून शिक्षक नाही. २०११च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के दिव्यांग व्यक्ती मोजल्या, तेव्हा कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेशही नव्हता. ज्या हायस्कुलाच्या रकान्यात शून्य आहे, तिथे अशी मुले नाहीत असे मानण्यापेक्षा ती कुणी पाहिलेली नाहीत असे मानणे जास्त सुरक्षित.

सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न सोडवण्यासाठी आकडाच घालून दिला आहे. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने सर्वसाधारण शाळांतल्या विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिकला दहामागे एक आणि माध्यमिकला पंधरामागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले, ही पदे कायम असावीत असे सांगितले, आणि ती भरेपर्यंत शाळांच्या समूहासाठी फिरते शिक्षक नेमण्याची मुभा दिली. पुढे बहुतेक राज्यांनी पदेच मंजूर केली नाहीत, म्हणून ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की राज्यांनी मंजूर पदांची संख्या जाहीर करावी. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे आणि मुलींना महिना २०० रुपये विद्यावेतन आहे. ही रक्कम फार नाही. पण चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, मदतनीसाचा प्रवासखर्च यांना ती उपयोगी पडते, आणि नोंद नसलेल्या मुलाला तीही मिळत नाही.

पालकच इंग्रजी माध्यमाकडे गेले, त्यांच्या निवडीमुळे रिकाम्या झालेल्या वर्गांवर सरकारने पैसा का घालवावा, हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. प्रश्न गैर नाही. पण मागे कोण राहिले ते पाहा. फी भरू शकणारी घरे गेली. वडगाव-खासबागच्या मागावर काम करणाऱ्यांची, निपाणीच्या तंबाखू कामगारांची, खानापूरच्या अल्पभूधारकांची मुले राहिली. फी भरणाऱ्या शाळेत ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ असे ऐकून परतलेली मुलेही इथेच येतात, कारण सरकारी आणि अनुदानित शाळा त्यांना नाही म्हणू शकत नाहीत. शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांतून, ज्यात २०१२च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग मुले वंचित घटक म्हणून येतात, त्यांना खासगी शाळेत जागा मिळू शकली असती. पण कर्नाटकाने २०१९ साली नियम बदलले आणि परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर हा हक्क तिथल्या खासगी शाळेत लागू होणार नाही असे ठरवले. महाराष्ट्र सरकारने २०२४मध्ये तोच मार्ग धरला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. इथे मात्र तो नियम आहे. म्हणजे राज्य या मुलांना सांगते की तुम्ही अनुदानित शाळेतच शिका, आणि त्याच शाळेला सांगते की तुमचा पट कमी आहे म्हणून शिक्षक कमी. ही दोन वाक्ये एकाच खात्याला एकाच वेळी बोलता येणार नाहीत. पट घटलेल्या शाळेत मदतीची जास्त गरज असलेल्या मुलांचे प्रमाण वाढते, म्हणून शिक्षकांची गरज पटाइतकी घटत नाही, हे साधे गणित त्यात सुटून गेले आहे.

लहान शाळा एकत्र करा, असाही एक उपाय सुचवला जातो. टिळकवाडी, शहापूर अशा बेळगाव शहराच्या दक्षिण भागात तो थोडा पटण्यासारखा आहे. इथल्या मराठी हायस्कुलांमधली अंतरे चालत जाण्याइतकी आहेत. शाळा बंद न करताही तीन-चार शाळांनी मिळून एक विशेष शिक्षक, एक संसाधन खोली आणि हवे तर एक गणित शिक्षक वाटून घेता येतो. पंधरामागे एक हे प्रमाण अशाच समूहात नीट बसते. संस्थांनी यासाठी जुनी चढाओढ बाजूला ठेवावी लागेल, आणि ती ठेवली पाहिजे. पण हाच उपाय खानापूरच्या जंगलपट्टीत किंवा निपाणीच्या वाड्यावस्त्यांवर लावला तर कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलीचे शिक्षण सातवीला संपेल. २०१६चा कायदा वाहतुकीची सोय करायला सांगतो. ती सोय आधी रस्त्यावर दिसू द्या, विलीनीकरणाचा विचार मग करा. पटाच्या आकड्याखाली शिक्षकच न देण्याचा प्रयोग महाराष्ट्रात सुरू झाला आहे. शाळांची शिक्षकपदे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या १५ मार्च २०२४च्या निर्णयाने वीसपेक्षा कमी पटाच्या वरच्या वर्गांची पदे धोक्यात आली आणि डोंगरी भागांतल्या शाळांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. बेळगावने त्या वाटेने जाऊ नये.

म्हणून शिक्षक ठरवताना विशेष गरजा असलेल्या मुलाला पटात एकापेक्षा जास्त वजन द्यावे, असे मला वाटते. असे गरजेनुसार वजन दिले तर शाळा खोटी संख्या दाखवतील, अशी भीती काही अधिकारी बोलून दाखवतील. धोका आहे, पण त्यावर उपायही आहे. मुलाची नोंद दोन पातळ्यांवर ठेवावी: प्रमाणपत्र असलेली मुले, आणि तपासणीत अडचण दिसलेली पण प्रमाणपत्र बाकी असलेली मुले. पहिल्यांना पूर्ण वजन, दुसऱ्यांना एका वर्षापुरते. प्राथमिक शाळांना निधी देताना नेदरलँड्सने १९८५पासून अल्पशिक्षित पालकांच्या मुलाला १.२५ आणि स्थलांतरितांच्या मुलाला १.९ असे वजन दिले होते, म्हणजे तसे मूल शाळेच्या हिशेबात जवळजवळ दोन मुलांइतके धरले जाई. ते निकष सामाजिक पार्श्वभूमीचे होते आणि पुढे बदलले, पण सगळ्या मुलांची गरज सारखी नसते हे सरकारी हिशेबात कसे लिहायचे, ते त्यातून शिकता येते. आपल्याकडे तर भाषिक अल्पसंख्याकांसाठी असा अपवाद फार जुना आहे. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असली की प्राथमिक स्तरावर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यायचा हे १९४९ साली ठरले. माध्यमिकसाठी वर्गात १५ आणि वरच्या चार वर्गांत मिळून ६० हा आकडा नंतर मान्य झाला. पंधरा मुलांसाठी वर्ग चालवणे तेव्हाच्या, आजच्यापेक्षा कितीतरी गरीब असलेल्या देशाला परवडणारे वाटले होते.

हा मराठीचा म्हणून वेगळा हट्ट आहे, असे कन्नड वाचकाला वाटू शकते. तसे नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या उर्दू आणि खेड्यातल्या कन्नड हायस्कुलांनाही हेच सूत्र कापते. सीमेपलीकडे जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरमध्ये कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. जत तालुक्यातल्या कन्नड शाळांत कन्नड न येणारे शिक्षक नेमल्याची तक्रार २०२४मध्ये कर्नाटकातून झाली, आणि ती रास्त होती. जतच्या कन्नड मुलाला जे मिळाले पाहिजे तेच टिळकवाडीच्या आणि निपाणीच्या मराठी मुलाला मिळाले पाहिजे: त्याची भाषा बोलणारा विषयशिक्षक आणि अडचण असेल तर त्याची भाषा बोलणारा विशेष शिक्षक. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काहीही लागो, आज आठवीत बसलेले मूल तोवर शाळेतून बाहेर पडलेले असेल.

बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांच्या उपसंचालकांनी पुढचे अतिरिक्त शिक्षक ठरवण्याआधी प्रत्येक हायस्कुलाचा एक तक्ता जाहीर करावा: विषयवार मंजूर पदे, भरलेली पदे, नोंदलेली विशेष गरजांची मुले, आणि गेल्या वर्षी विशेष शिक्षकाने दिलेल्या भेटींच्या तारखा. ज्या शाळेत अशी मुले आहेत तिथला एकही शिक्षक तोवर हलवू नये. सरकारी शाळांच्या विकास व देखरेख समित्यांनी (एसडीएमसी) आणि अनुदानित शाळांच्या संस्थाचालकांनी ही माहिती लेखी मागावी, पालकांनी नोंदीला घाबरू नये. आणि मराठी परिपत्रकांसाठी, मराठी फलकांसाठी वर्षानुवर्षे निवेदने देणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीने आपल्या पुढच्या निवेदनात मराठी जाणणाऱ्या विशेष शिक्षकांची मागणी पहिल्या पानावर घालावी.